गळालेल्या शून्याबाबत

प्रति,
मा. विभागीय निरीक्षक,
ग्राहक हक्क व बाजार देखरेख कार्यालय,
स्तुदेनग्राद.

अर्जदार : श्रीमती रुमेना पालिकोवा, वय ५८, मु. गोर्ना रूदा.
अर्ज लिहिणार : बिस्त्रा हाजिनेवा, चिटणीस, गाव वाचनालय, गोर्ना रूदा.

विषय : ऑनलाइन विक्रेत्याने किंमत चुकल्याचे सांगून, विकलेल्या ऑक्सिजन यंत्राचा पुरवठा दुरून कमी केल्याबाबत, व उद्या सायंकाळी पाचच्या आत कारवाई होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ११ फेब्रुवारी २०२६ चा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. १६ फेब्रुवारीचे उत्तर : "प्रकरण दाखल झाले असून पंचेचाळीस कामाच्या दिवसांत निर्णय कळविण्यात येईल."

महोदय,

पंचेचाळीस दिवस अद्याप झालेले नाहीत, हे अर्जदारांना मान्य आहे. तरीही दुसरा अर्ज करावा लागत आहे, कारण मधल्या दिवसांत एक बाई मरण पावल्या आहेत. रुमेनाबाईंनी सांगितले तसे मी लिहून घेत आहे. जेथे मी स्वतः हजर होते तेथे तसे म्हटले आहे.

१. अर्जदारांचे पती श्री. लाझार पालिकोव, वय ६१, यांनी शिसे-जस्ताच्या खाणीत सत्तावीस वर्षे खडकात भोके पाडण्याचे काम केले. ती धूळ त्यांच्या फुप्फुसांत बसली ती बसलीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे त्यांना दिवसाचे सोळा तास, मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन लागतो. सरकारी यंत्रासाठी त्यांचे नाव यादीत आहे. पाळी आलेली नाही. तोवर स्तुदेनग्रादच्या औषधाच्या दुकानातून एक जुने यंत्र भाड्याने आणले होते. ते इतका आवाज करी की लाझार त्याला ट्रॅक्टर म्हणत. कोणी भेटायला आले की सांगत, "नांगरणी चाललीय बाबा, जरा मोठ्यानं बोल."

२. दि. १२ जानेवारी रोजी रुमेनाबाईंनी 'लेकदाह' या ऑनलाइन दुकानाच्या पानावर पाच लिटरचे नवे, बिनआवाजी यंत्र पाहिले. किंमत १९० युरो. नुकताच युरो आल्यामुळे नियमाप्रमाणे खाली जुन्या चलनातली किंमतही होती : ३७१ लेवा ६१. इतक्या स्वस्तात असे यंत्र मिळत नाही, एवढे त्यांना कळत होते. त्यांनी तसे लाझार यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "शून्य हलकं असतं गं, वाऱ्यानं उडालं असेल. उचलून दे त्यांना." रुमेनाबाईंनी खरोखरच दुकानाला फोन लावला.

फोन नेव्हेना नावाच्या मुलीने घेतला. रुमेनाबाईंनी विचारले, "बाळा, किमतीत एखादं शून्य राहून गेलंय का गं? नंतर भांडण नको मला." मुलगी म्हणाली, "नाही हो काकू, हीच किंमत आहे. हिवाळ्याचा साठा मोकळा करतायत. घेऊन टाका." मग तिने विचारले की यंत्र कोणासाठी हवे, आणि त्यांना रोज किती तास लागते. रुमेनाबाईंना वाटले, पोर आपुलकीने चौकशी करते आहे. त्यांनी सगळे सांगितले. सोळा तास. कधी सतरा.

३. दि. १५ जानेवारीस यंत्र घरी पोचले. आणणाऱ्याने आपल्या मोबाईलच्या काचेवर बोटाने सही घेतली. त्या काचेमागे एकेचाळीस पानांच्या अटी होत्या, हे नंतर कळले. यंत्राच्या पोटात मोबाईलसारखे कार्ड आहे आणि ते दुकानाशी आपोआप बोलत असते, हेही नंतरच कळले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर परत केला. औषधवाल्याने तो त्याच संध्याकाळी दुसऱ्या रोग्याला दिला.

पुढचे पंधरा दिवस कसे गेले हे नोंदवावे, असा रुमेनाबाईंचा आग्रह आहे. लाझार यांनी स्वतःची दाढी स्वतः केली. टेबलाशी बसून घेवड्याच्या बिया निवडल्या. रेडिओवरच्या माणसाशी हुज्जत घातली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक आख्खे वाक्य मध्ये न थांबता म्हटले, आणि ते वाक्य "रुमेना, सूप अळणी झालंय" असे होते. रुमेनाबाई मिठाची बरणी हातात घेऊन स्वयंपाकघरातच रडल्या.

४. माल परत करण्याची चौदा दिवसांची मुदत दि. २९ जानेवारीस संपली. दि. ३० जानेवारीस सकाळी विक्रेत्याचे पत्र आले. त्यात म्हटले होते की चलनबदलाच्या वेळी दशांशचिन्ह सरकल्यामुळे १,९०० च्या जागी १९० छापले गेले. ही चूक कोणाही समजदार ग्राहकाच्या लक्षात येण्याजोगी होती. सबब फरकाची रक्कम दहा दिवसांत भरावी. यंत्र परत करण्याबाबत विचारले असता, वापरलेले वैद्यकीय उपकरण आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येत नाही, असे उत्तर मिळाले.

महोदय, विक्रेत्याच्या हातून खरीच चूक होऊ शकते आणि उघड चुकीचा फायदा ग्राहकाने उपटू नये, हे अर्जदारांना मान्य आहे. त्यासाठीच त्यांनी फोन केला होता. विचारले, होकार मिळाला, मागणी पक्की झाल्याचा संदेश आला, पैसे घेतले गेले, माल घरी आला. यानंतर चूक सापडली तर माल न्यावा, पैसे परत द्यावेत, आणि तेही पटत नसेल तर न्यायालयात जावे. शिवाय दशांशचिन्ह युरोत सरकले म्हणावे, तर खालची लेवांतली किंमतही नेमकी तेवढीच उतरलेली होती. दोन रकाने, दोन आकडे, आणि चूक दोन्हीकडून हातात हात घालून गेली. दि. ११ च्या अर्जात हे सगळे लिहिले आहे. येथे पुन्हा लिहिले, कारण तो अर्ज कोणी वाचला आहे की नाही हे समजायला मार्ग नाही.

५. रुमेनाबाईंनी दुकानाला पुन्हा फोन केला. नेव्हेना नावाचे कोणी आपल्याकडे कधीच नव्हते आणि १२ तारखेच्या संभाषणाची कसलीही नोंद नाही, असे सांगण्यात आले.

दि. ९ फेब्रुवारीस श्री. कामेनोव यांचा फोन आला. हे विक्रेत्याचे वसुली अधिकारी. रुमेनाबाई सांगतात, इतक्या मऊ आवाजात त्यांच्याशी या आधी फक्त पाद्री बोलले होते. कामेनोव म्हणाले, "बाई, आमचा तुमच्यावर काडीचा राग नाही. फक्त काळजी वाटते. काल तुमच्या यजमानांना यंत्र एकोणीस तास लागलं. गेल्या आठवड्यात सतरा लागत होतं. तब्येत उतरतेय का?"

रुमेनाबाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. नंतर उठून त्यांनी यंत्रावर टेबलक्लॉथ टाकला. असे करण्यात अर्थ नव्हता, हे त्यांनाही कळत होते.

६. दि. १० रोजी यंत्राच्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटली : "सेवा मर्यादित. ४ लि." दि. १३ रोजी ३ लि. झाले. दि. १६ रोजी, म्हणजे आपले उत्तर निघाले त्याच दिवशी, २ लि. दर वेळी आधी एक बारीक टिंग वाजे. लाझार त्या टिंगला हसत, म्हणत, "घ्या, आला जेवणाचा डबा, आज अर्धाच." दि. १६ ला ते हसले नाहीत.

दि. १७ ला त्यांचे ओठ शाईसारखे झाले. रुग्णवाहिका येईपर्यंत रुमेनाबाई त्यांची पाठ चोळत राहिल्या. इस्पितळात तीन दिवस ठेवून दि. २० ला घरी पाठविले, कारण खाट दुसऱ्याला हवी होती. जाताना डॉक्टरांनी बजावले, "यंत्र चार लिटरवर ठेवा बरं का." रुमेनाबाईंनी सांगितले की ते आमच्या हातात नाही. डॉक्टरांना वाटले, बाईंना बटण सापडत नाही. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखविले.

७. त्याच दिवशी खाणीच्या बचाव पथकाचे जुने प्रमुख श्री. त्रेंदाफिल घरी आले आणि तीन सिलिंडर उतरवून गेले. ते बाद ठरविलेले होते, तथापि भरलेले होते. "वहिनी, याची पावती मागू नका आणि कोणी विचारलं तर मला ओळखत नाही म्हणा," असे ते म्हणाले. त्यांना मी हे लिहिणार असल्याचे सांगितले आहे. ते म्हणाले, "लिही. या वयात मला नोकरीवरून काढणार आहेत होय?" दि. २३ ला यंत्र १ लि. वर आले. सिलिंडर रोज थोडा थोडा उघडून लाझार यांचे चालले. एक रिकामा झाला की त्रेंदाफिल दुसरा आणीत. आता त्यांच्याकडचेही संपले आहेत. घरात आहेत तेवढेच.

८. दि. २६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारी रडत होती. "काकू, मी नेव्हेना. फोन ठेवू नका." तिला जानेवारीअखेरीस काढून टाकले होते. ती जे बोलली ते रुमेनाबाईंनी त्याच दिवशी मला सांगितले व मी लिहून ठेवले, ते असे :

"आम्हाला कागद दिला होता. कोणी किंमत विचारली तर बरोबर आहे म्हणायचं. मग रोग्याला किती तास लागतं ते विचारायचं आणि लिहून ठेवायचं. बारा तासांच्या वरचे वेगळ्या यादीत. मला वाटलं, सेवेसाठी असेल. खरंच वाटलं, काकू. मोठी यादी होती. तुमच्या खोऱ्यातली आणखी एक आजी त्यात होती, सोफ्का नावाची, दोल्ना रूदाची. एकट्या राहतात. त्याही मला म्हणाल्या होत्या, मुली, नीट बघ, एवढं स्वस्त कसं. हसत होत्या. मी सोमवारपासून त्यांना फोन करतेय. वाजतो, पण उचलत नाहीत."

तिने दिलेल्या नंबरवर रुमेनाबाईंनीही फोन केला. वाजत राहिला. पोलीस चौकीला कळविले, तर हवालदार म्हणाले, "मोठ्या बाई आहेत, मुलीकडे गेल्या असतील. रस्ता मोकळा झाला की बघू." गुरुवारी संध्याकाळपासून बर्फ पडून खिंडीतला रस्ता बंद होता, ही गोष्ट खरी आहे. तसेच सिलिंडरची चावी फिरवायला रुमेनाबाईंखेरीज घरात कोणी नव्हते, हेही खरे आहे. पण दोल्ना रूदा आमच्यापासून सात किलोमीटर आहे, आणि पायी जाता आले असते, असे रुमेनाबाई आता रोज म्हणतात. ते मी येथे लिहू नये असे मला वाटत होते. त्यांनी लिहायला लावले.

९. रविवार दि. १ मार्च रोजी सकाळी बर्फ काढणारी गाडी येऊन गेली. मी लाझार यांच्यापाशी बसले. रुमेनाबाई व त्रेंदाफिल त्यांच्या जुन्या गाडीतून दोल्ना रूदाला गेले. दिवस मार्चच्या सणाचा होता, म्हणून रुमेनाबाईंनी सोफ्काबाईंच्या मनगटाला आरोग्यासाठी बांधतात तो लाल-पांढरा दोरा बरोबर घेतला होता. घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. अंगणात पावलांची खूण नव्हती. दार आतून बंद होते, आणि दाराला कान लावल्यावर यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती, म्हणून दोघांना क्षणभर बरे वाटले.

त्रेंदाफिल यांनी काच फोडून दार उघडले.

सोफ्काबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. नाकात नळी, मांडीवर मोबाईल, खांद्यावर दोन शाली. त्रेंदाफिल यांनी आयुष्यभर खाणीतून माणसे वर आणली आहेत; त्यांना हात लावून पाहावे लागले नाही. त्यांनी टोपी काढली. यंत्र चालू होते, दिवा हिरवा होता, आणि पडद्यावर अक्षरे होती : "सेवा स्थगित. ० लि. कृपया संपर्क साधा." रुमेनाबाईंनी त्याचा फोटो घेतला. असल्या वेळी फोटो काय काढायचा, असे त्यांना स्वतःलाच वाटले, तरी काढला.

पोलिसांना कळवून झाल्यावर त्रेंदाफिल यांनी यंत्राच्या पाठीवर छापलेला नंबर फिरविला. ते ओरडले, "संपर्क साधा म्हणता ना? हा साधला! बाई मेलीय तुमची! ऐकताय का? मेलीय!" पलीकडून कोणीतरी ग्राहक क्रमांक विचारला आणि आभार मानून फोन ठेवला.

यानंतर दहा-बारा मिनिटांनी जे झाले ते दोघांनी डोळ्यांनी पाहिले आहे. टिंग वाजले. यंत्राने एक लांब उसासा टाकला. पडद्यावर "५ लि. सेवा सुरळीत" असे आले, आणि नळीतून पुरेपूर हवा सुरू झाली. इतकी की सोफ्काबाईंच्या गालाजवळची पांढरी बट हलू लागली. रुमेनाबाईंना आधी वाटले, बाई जिवंत आहेत. त्या "आजी, आजी" म्हणत पुढे धावल्या. त्रेंदाफिल यांनी त्यांना धरून मागे ओढले.

तासाने हवालदार आले. त्यांनी पडदा वाचला, वहीत उतरविला आणि म्हणाले, "यात तर पाच लिटर दिसतंय, बाई. यंत्राचा काय दोष?" डॉक्टरांनी दाखल्यात जुना आजार व वार्धक्य असे लिहिले. तो दोरा रुमेनाबाईंनी सोफ्काबाईंच्या हाताला बांधला. हवालदारांनी हरकत घेतली नाही.

मी इकडे लाझार यांच्याजवळ होते. साधारण त्याच वेळी आमच्याकडेही टिंग वाजले. एकाचे पाच लिटर झाले. लाझार यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काहीतरी वाईट झालंय, बिस्त्रा." मी म्हटले, अहो, चांगलेच तर झाले. त्यांनी नकारार्थी मान हलविली.

१०. काल, बुधवार दि. ४ मार्च रोजी दुपारी श्री. कामेनोव स्वतः घरी आले. मीही तेथे होते. उंबऱ्यावर बुटांचे बर्फ नीट झटकले. लाझार यांना वाकून नमस्कार केला. केकचा खोका आणला होता. रुमेनाबाईंनी तो उघडला नाही, पण पाहुण्याला कॉफी दिली. आमच्याकडे घरात आलेल्याला तसे पाठवीत नाहीत.

त्यांनी एक छापील कागद टेबलावर ठेवला. त्यानुसार फरकाची रक्कम सद्भावनेपोटी माफ. यंत्र लाझार यांना कायमचे. दुरुस्ती, सुटे भाग, सगळे जन्मभर फुकट. त्या बदल्यात रुमेनाबाईंनी सही करून द्यायचे की दि. १२ जानेवारीस किमतीबाबत त्यांनी कोणाला फोन केला नव्हता; यंत्राचा पुरवठा कधीही कमी झाला नव्हता; सोफ्काबाईंच्या घरी त्यांनी पाहिले तेव्हा पडद्यावर ५ लि. होते, त्यांच्याजवळ कोणताही फोटो नाही, आणि आपल्या कार्यालयातला अर्ज त्या मागे घेत आहेत.

लाझार यांनी विचारले, "त्या बाईंचं यंत्र... कुठंय?"

"परत नेलंय आम्ही," कामेनोव म्हणाले. "स्वच्छ करून दुसऱ्या गरजूला देऊ."

"वापरलेलं... घेता येत नाही ना तुम्हाला?"

कामेनोव हसले. "काका, तुमची स्मरणशक्ती छान आहे. ती अशीच राहावी म्हणून तर मी आलोय. घाई नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत वेळ आहे. त्यानंतर यंत्रणा आपोआप आपलं काम करते. माझ्याही हातात काही राहत नाही." दारात थांबून ते रुमेनाबाईंना म्हणाले, "तुमच्या हातची कॉफी फार सुंदर."

११. ते गेल्यावर मी रुमेनाबाईंना सही करून टाका असे सांगितले. हे मी लपवीत नाही. मी म्हटले, मेलेली बाई परत येणार नाही, तुमचा माणूस तरी वाचेल. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले. कागदावर सहीची जागा बोटाने शोधली. आपण तेथे असता तर आपणही त्यांना दोष दिला नसता.

लाझार त्यांच्याकडे पाहात होते. ते सावकाश बोलले. मधल्या थांबण्याच्या जागा मी गाळते आहे. "रुमेना, खाणीत माणसं वर आणणाऱ्या शेवटच्या पाळण्यात मी सत्तावीस वर्षं वर आलो. खाली कोण राहिलंय हे मोजल्याशिवाय घंटी ओढायची नाही, असा नियम. एकदा आम्ही चाळीस मिनिटं पाण्यात उभे राहून मोजत होतो, कारण एका माणसाचा दिवा कमी भरत होता. त्या पोरीच्या यादीत किती दिवे आहेत, तुला माहितीय?"

रुमेनाबाई म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा. दम लागतोय तुम्हाला."

"मग तू मोज," ते म्हणाले.

रुमेनाबाईंनी पेनाला टोपण घातले आणि मला सांगितले, "बिस्त्रा, कोरा कागद घे. 'प्रति' पासून लिही."

तरी आपणांस नम्र विनंती की,

(अ) उद्या, शुक्रवार दि. ६ मार्च, सायंकाळी पाचच्या आत विक्रेत्यास लेखी आदेश द्यावा की वादाचा निकाल लागेपर्यंत कोणाच्याही यंत्राचा पुरवठा दुरून कमी करू नये. पालिकोव यांचाच नव्हे, कोणाच्याही.

(आ) नेव्हेना म्हणते ती बारा तासांवरची यादी विक्रेत्याकडून ताब्यात घ्यावी व प्रत्येक घरी माणूस पाठवावा. फोन करून भागवू नये. फोन वाजतो, त्यावरून काही कळत नाही.

(इ) श्रीमती सोफ्का यांचा देह अद्याप इस्पितळात आहे. त्यांची मुलगी स्पेनहून शनिवारी येणार आहे व त्याच दिवशी दफन आहे. त्यापूर्वी तपासणी व्हावी. त्यांचे यंत्रही धुऊन दुसऱ्याच्या नाकाला लागण्याआधी जप्त व्हावे.

(ई) किमतीचा वाद नंतर कधीही ठरवावा. कायद्याने फरक देणे निघाले तर रुमेनाबाई तो हप्त्याने देतील, तसे त्या येथे लिहून देत आहेत. त्यांनी जे विचारून घेतले त्यावर त्यांचा हक्क आहे असे त्यांना वाटते, पण त्यासाठी त्या आपल्याला घाई करीत नाहीत.

(उ) नेव्हेना व त्रेंदाफिल यांनी जे केले ते अर्जदारांच्या सांगण्यावरून केले, असे धरावे. ते तसे नाही, तरी धरावे.

उद्या पाचनंतर घरात तीन सिलिंडर असतील. जपून वापरले तर प्रत्येकी चार तास. इस्पितळ चाळीस किलोमीटरवर आहे आणि ओठ निळे झाल्याखेरीज दाखल करून घेत नाही, असे त्यांनी आजच पुन्हा सांगितले. त्रेंदाफिल आपली गाडी दारात लावून बसणार आहेत. शनिवारी व रविवारी आपले कार्यालय बंद असते, हे अर्जदारांना ठाऊक आहे. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठविता रुमेनाबाई सकाळच्या बसने स्वतः घेऊन येत आहेत, आणि आवक खिडकीच्या शिक्क्यावर न थांबता आपल्या दारासमोर बसून राहणार आहेत. शिपायांनी त्यांना उठवू नये, ही विनंती.

उत्तरासाठी जिच्यापाशी उद्या पाचपर्यंतच वेळ आहे,
अशी आपली नम्र,

(सही) रुमेना पालिकोवा

त्यांच्या सांगण्यावरून लिहिले व वाचून दाखविले :
(सही) बिस्त्रा हाजिनेवा

गोर्ना रूदा,
गुरुवार, दि. ५ मार्च २०२६

सोबत :
१. मागणी पक्की झाल्याचा संदेश व दोन्ही चलनांतील किमतीचे पान.
२. विक्रेत्याचे दि. ३० जानेवारीचे पत्र.
३. डॉक्टरांची चिठ्ठी, बटणाच्या चित्रासह.
४. दोल्ना रूदा येथील पडद्याचा फोटो. त्यात खालच्या कोपऱ्यात हात दिसतो, तो सोफ्काबाईंचा.
५. श्री. कामेनोव यांनी आणलेला कागद. सहीची जागा कोरी आहे.